चार टिकल्या आणि अठरा अंश

"आकडा काय?" म्हणे! आता तुम्हीच सांगा, आईनं बापाला सांगितलं की अहो, आपल्या पोरीची मान मला जरा वाकडी वाटते, तर बापानं काय म्हणावं? "कुठे, बघू?" म्हणावं. "तुला वेड लागलंय" म्हणावं, तेही चालेल, ते ऐकतच वाढले मी. "उद्या डॉक्टरकडे जाऊ" म्हणाला तर मग देवच पावला म्हणायचा. पण आमचे हे! एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघून... माझ्याकडे हां, पोरीकडे नाही... म्हणतात, "वाकडी म्हणजे किती? आकडा काय?"

बरं, हे काही त्या दिवशी नवीन नव्हतं. लग्नाला चार वर्षं होतील, पण ह्या माणसाला मी एक गोष्ट आकड्याशिवाय सांगू शकलेले नाही. अंगात कणकण वाटते म्हटलं की आकडा काय? ठीक आहे, तापाला असतो आकडा, थर्मामीटर आहे घरात. पण तुमच्या आईंचं बोलणं लागलं मला म्हटलं, तर तिथेही, "लागलं म्हणजे किती? दहापैकी सांग." मी म्हटलं, अकरा. तर म्हणतात, "दहाच्या वर जाता येत नाही, चारू. स्केलच चुकलं."

ह्यांचं नाव कुमार. इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतात. नवीन पनवेलला सिडकोच्या दोन खोल्या, त्यात हे, मी, सासूबाई, दीड वर्षाची रुचिरा आणि गेल्या दिवाळीपासून एक कॅमेरा. फोटोचा नव्हे हो, फोटोचा असता तर चार फोटो तरी निघाले असते. हा कॉलेजच्या लॅबमधला, काळा-पांढरा, नळकांड्यासारखा, आणि त्याच्याबरोबर एक कॉम्प्युटर, एवढा थोरला, की त्याला जागा करायला माझं शिलाई मशीन सज्ज्यावर गेलं. कारण काय? तर ह्यांचं एम.ई. व्हायचंय, लॅबला पाच वाजता कुलूप लागतं, आणि मार्चच्या आत थिसिस दिला नाही तर बढती पुढच्या माणसाला. मग आणा घरी! घर म्हणजे काय, लॅबचीच शाखा, फक्त तिथे पोळ्या फुकट मिळतात.

आणि विषय कुठला? ऐका हं. एका कॅमेऱ्यानं समोरची वस्तू किती लांब आहे आणि किती अंशात कललीये ते ओळखायचं. झालं. एवढंच. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेय, फर्स्ट क्लास तीन मार्कांनी हुकला, तेव्हा मला वाटलं, ह्यात काय मोठं? पण आहे मोठं, खोटं कशाला बोलू. तुम्ही एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवून बघा. दोरा सुईच्या पुढून जातो, मागून जातो, जायचं तिथे जात नाही. का? एका डोळ्याला लांबी कळत नाही. जवळचं बोर आणि लांबचा नारळ त्याला सारखेच. मग ह्याच्यावर तोड म्हणजे खुणा. वस्तूवर चार काळे ठिपके चौकोनात लावायचे, त्यांच्यातलं खरं अंतर आपल्याला ठाऊक, मग चित्रात ते जितके जवळ आलेले दिसतील तितकी वस्तू लांब, आणि चौकोन जसा कलंडला असेल तशी वस्तू कललेली. हे कळायला एम.ई. कशाला हवं, ताट धुऊन उभं ठेवलं की तिरक्या बाजूनं लंबगोल दिसतं, हे कुठल्या बाईला ठाऊक नाही? पण आपण ते चाळीस पानांत लिहीत नाही, एवढाच फरक.

ते ठिपके! प्रिंटरवर काढले तर फिकट आले. मार्करनं काढले तर कडा फुटल्या. मग एक दिवस हे आरशापुढे उभे. मला वाटलं, भांग पाडतायत. तर माझ्या टिकल्यांचं पाकीट हातात धरून म्हणतात, "चारू, हे परफेक्ट वर्तुळ आहे गं!" चार वर्षांत माझ्या कपाळाकडे बघून हा माणूस एकदा काही बोलला नव्हता, आणि टिकलीला परफेक्ट म्हणाला! संक्रांतीच्या काळ्या साडीवर लावायला दिवाळीतच खास आणून ठेवल्या होत्या मी, काळ्या, गोल, दहा मिलिमीटर. अख्खं पाकीट गेलं पुठ्ठ्याच्या खात्यात. हळदीकुंकवाला मी लालच लावून गेले.

आणि मग स्टँड. पुठ्ठा धरायला स्टँड हवा. काशिराम सुताराला सांगितलं होतं, तो म्हणाला, "सोमवारी आणतो." कुठला सोमवार ते त्यानं सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही. बघा, तिथे नाही विचारला आकडा! मग मला म्हणाले, "तोवर जरा तू धर."

तुम्हाला सांगते, 'तोवर' म्हणजे किती असतं? तीन महिने असतं. फरशीवर खडूच्या रेघा, पन्नास सेंटिमीटर, पाऊण मीटर, एक मीटर, आणि मी त्या रेघेवर दोन्ही हातांत पुठ्ठा धरून उभी, दोन बाजूंनी शंभर-शंभरचे बल्ब तोंडावर. "डावीकडे दहा अंश... हं... हलू नकोस... अगं श्वास कशाला घेतेस, ठिपके हलतात!" आत कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. सासूबाई देवघरातून ओरडतायत, "शिट्ट्या किती झाल्या गं?" मी ओठ न हलवता, "पाच..." "पाच? अगं मग भाताची पेज झाली!" "चारू, बोलू नकोस!" रुचिरा माझ्या पायाला मिठी मारून, आणि मी आपली लग्नाच्या हॉलबाहेर उभं केलेल्या बाहुलीसारखी, हात पुढे करून. आणि एवढं करून आकड्यात चूक निघाली की कुणाची? कॅमेऱ्याची नाही, प्रोग्रामची नाही. "तू वाकडी धरतेस." मी म्हटलं, वाकडी म्हणजे किती? लगेच उत्तर, "चार अंश."

माझा होता बरं का आकडा. पोरीचा नव्हता.

पोरीचं सांगत होते नाही का मी... तर दिवाळीनंतर हे सगळं चालू असताना माझ्या लक्षात आलं की रुचिरा बघताना मान उजव्या खांद्याकडे कलती करून बघते. कॅमेऱ्याकडे बघते तशी, चिऊताईकडे बघते तशी, माझ्याकडे बघते तशी. आधी मला वाटलं माझंच चुकतंय. रोज तास-तास अंशांत उभं राहून माझीच मान गेली असेल, म्हणून मलाच जग तिरकं दिसत असेल. खरंच सांगते, आरशापुढे उभी राहून मी गळ्यातली पोत ओळंब्यासारखी धरून बघितली. मी सरळ होते. म्हणजे मला वाटलं तरी तसं. मला माझ्या सरळपणाचीही फारशी खात्री कधीच नसते.

सासूबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "लाडात येते गं ती! कुमारही लहानपणी अशीच मान वाकडी करून बघायचा." मी म्हटलं, आई, पण सारखीच एका बाजूला. "झोपते तेव्हा सरळ असते की नाही? मग! वाकडी असती तर झोपेतही वाकडी राहिली असती." आता हे खरंच होतं हो! झोपली की पोर सरळ, लाकडी पट्टीसारखी. उठून बसली की कलली.  मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणाची होती का गं वाकडी?" म्हणजे सरळ असेल ती इकडची, वाकडी असेल ती तिकडची!

एक गुणाबाई तेवढी बोलली. गुणाबाई म्हणजे आमच्याकडे करंज्याच्या बंदरावरून म्हावरं, मासे हो, घेऊन येते ती, बुधवारी आणि शुक्रवारी, सकाळच्या एस्टीनं. दारात पाटी उतरवली, बोंबील दाखवायचे सोडून रुचिराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाय, तुजी पोर कलती बगते गो." मी चरकले. म्हटलं, तुला दिसतं? "दिसतं म्हंजी? आमचा गणू होरी घेऊन बंदरात शिरला का मी धक्क्यावरनं सांगते, कुठल्या बाजूला जाल्याचं वजन झालंय. होरी काय उगाच कलत नाय, आनि पोरबी नाय. दाखव कुनाला तरी." आकडा विचारला का तिनं? नाही. तिचा नवरा समुद्रात देवळाचा कळस आणि माडाचा शेंडा एका रेषेत धरून मासे कुठे ते ओळखतो, त्यानं थिसिस दिला का? नाही. पण मी हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मासेवालीचं ऐकून तू पोरीला पेशंट करणार?"

मग मी एकटीच गेले. गोवरच्या डोसाचं निमित्त काढलं आणि पोरांच्या डॉक्टरांना म्हटलं, मान बघता का जरा. त्यांनी मान चाचपली, इकडे वळवली, तिकडे वळवली. "मान मऊ आहे, गाठ नाही, काही नाही. सवय असते एकेकाची. पहिलंच ना?" हे 'पहिलंच ना' म्हणजे काय असतं ते आया झालेल्यांना ठाऊक आहे. म्हणजे, बाई, तुमचं डोकं फिरलंय, दुसऱ्या वेळी जागेवर येईल. मी म्हटलं, पण डॉक्टर, मला दिसते हो वाकडी. तर त्यांनी चिठ्ठी लिहिली. टॉनिक. दोन चमचे, जेवणानंतर. कुणाला? मला!

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "बघ. डॉक्टरसुद्धा म्हणाले." मी पहिल्या वाढदिवसाचे फोटो काढून पुढे ठेवले. एक, दोन, पाच, सात. सातही फोटोंत मान उजवीकडे. "फोटोग्राफर वाकडा उभा असणार." अहो, मग मागचं कपाट कसं सरळ आलंय? तर तेव्हा, शपथेवर सांगते, त्यांनी फोटो क्षणभर बघितला. क्षणभर वाटलं आता उठतील. आणि मग... "हं. पण अंदाजावर काय बोलायचं, चारू? आकडा काय?"

बास. त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं. आकडा हवाय ना? घ्या आकडा! तीन महिने मी ज्याच्यापुढे पुठ्ठा धरून उभी आहे, ज्याचे आकडे मीच रात्रंदिवस वहीत उतरवतेय, कारण ह्यांचं अक्षर ह्यांनाही लागत नाही, त्या कॅमेऱ्याची नाडी माझ्याइतकी कुणाला ठाऊक आहे?

दुसऱ्या दिवशी दुपारी हे कॉलेजात, सासूबाई पंख्याखाली आडव्या. मी रुचिराचं टोपडं काढलं, पुढच्या बाजूला पुठ्ठ्याचा चौकोन टाचला, त्यावर चार टिकल्या चिकटवल्या, सहा-सहा सेंटिमीटरवर, फूटपट्टीनं मोजून, प्रोग्राममध्ये ठिपक्यांतलं अंतर दहाच्या जागी सहा केलं... काळजाचं पाणी झालं होतं हो, एक चुकीचं बटण दाबलं आणि एम.ई. उडालं तर? घटस्फोटाच्या कागदावर कारण काय लिहितील, 'बाईनं दहाचे सहा केले'? पोरीला पाऊण मीटरवर स्टुलावर बसवलं, टोपडं भुवयांच्या रेषेत बसवलं, हातात मारीचं बिस्कीट दिलं. दाबलं बटण. सतरा अंश.

मी घाबरले. म्हणजे बघा हं, तीन महिने मी सगळ्यांना सांगत होते वाकडी आहे, वाकडी आहे, आणि मशीन म्हणालं 'आहे' तर मलाच वाटलं, छे, मशीन चुकलं असणार! पुन्हा दाबलं. एकोणीस. पुन्हा. अठरा. बिस्कीट संपलं, दुसरं दिलं, वीस वेळा मोजलं. सरासरी अठरा. माझा हात मध्ये नव्हता हो कुठे, स्टँड वाकडा म्हणायची सोय नव्हती.

पण आम्ही फिजिक्सवाल्या! कॅमेराच वाकडा असला तर? म्हणून तांब्यावर नारळ ठेवला, तो ओळंब्यानं सरळ केला, त्याला रुचिराचं टोपडं बांधलं आणि स्टुलावर ठेवून मोजलं. एक अंश. म्हणजे कॅमेरा शहाणा. तेवढ्यात मागून आवाज, "अगं बाई... आज काय आहे?" सासूबाई! झोपेतून उठून आलेल्या, समोर स्टुलावर कलश, त्याच्यावर नारळ, नारळाला टोपडं, कपाळाला चार टिकल्या आणि दोन्हीकडे लखलखीत दिवे. त्यांनी हात जोडले हो! मी काय सांगणार? म्हटलं, आई, रुचिरासाठी आहे. "मग आधी सांगायचं नाही का, प्रसादाला शिरा केला असता." केलाही त्यांनी. मी खाल्लाही.

बुधवारी गुणाबाईबरोबर तिची नात आली होती, समृद्धी, दोन वर्षांची. तिलाही बसवलं. गुणाबाई दाराशी उकिडवी बसून बघतेय. "यो काय टकुचं घालतंस पोरीला? आनि यात दिसल्यावर सरल व्हईल का तुजी पोर?" म्हटलं, नाही गं बाई, पोर नाही, पोरीचा बाप सरळ होईल. समृद्धीचे आले दोन अंश. गुणाबाई म्हणाली, "मंग? मी काय बोललेली? दोन म्हयने झाले."

संध्याकाळी मी चहाच्या कपाशेजारी कागद ठेवला. छापलेला, भोकं पडलेल्या कडांचा, रकाने पाडून. ह्यांनी तो उचलला. आणि पहिलं वाक्य काय? "तू कॉम्प्युटरला हात लावलास?" दुसरं, "रीडिंग किती?" वीस. "कंट्रोल?" नारळ, आणि समृद्धी. "कोण समृद्धी?" मासेवालीची नात. मग रकाने बोटानं वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. चहावर साय आली. मग उठले, रुचिराला उचललं, स्वतःच टोपडं बांधलं, गाठ सुटत होती दोनदा, मला काही बांधू दिली नाही. तिला मांडीवर घेऊन कॅमेऱ्यापुढे बसले, बटण दाबलं, आणि पोर मांडीवर, बरं का, हनुवटीला तिचं टोपडं लागेल एवढी जवळ, आणि हा माणूस पडद्याकडे बघून म्हणतो, "अगं चारू... ही खरंच वाकडी आहे गं!"

आवाज कापला त्यांचा, मी नाही कशाला म्हणू? बाप आहे शेवटी. तेवढ्यापुरती मला दया आली. मग लगेच स्वतःचीच कीव आली. तीन महिने माझे दोन डोळे सांगत होते ते खोटं, आणि त्या नळकांड्याचा एक डोळा सांगतो ते खरं!

मग काय, मग सगळेच धावले. तेच डॉक्टर! टॉनिकवाले! ह्यांनी कागद पुढे केला, तर खुर्चीत ताठ बसले. "अठरा डिग्री? वीस रीडिंग? मग आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, सांगितलं होतं की डॉक्टर, तुम्ही मला टॉनिक दिलंत. तर हे मला कोपरानं ढोसतात, "चारू, ते मोजमापाशिवाय होतं."

त्यांनी चिठ्ठी दिली दादरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची. डोळ्यांच्या! मान वाकडी आणि डोळ्यांची डॉक्टर? एस्टीत मी सगळी वाट देवाचं नाव घेत बसले, आणि रुचिरा आपली खिडकीतून खाडी बघतेय, मान कलती करून, खुशीत. त्या बाईंनी काय केलं ठाऊक आहे? काही नाही. एक बाहुली दाखवली. पोर कलती होऊन बघायला लागली. मग त्यांनी आपल्या तळव्यानं तिचा उजवा डोळा झाकला, बस्स, आणि रुचिराची मान... हळूहळू... सरळ झाली. अशी! डोळ्यासमोर. हात काढला, पुन्हा कलली. हात ठेवला, सरळ झाली. 

बाई म्हणाल्या, "हिच्या मानेत दोष नाही. एक डोळा जरासा वर चढलाय, त्याला खाली धरणारा स्नायू जन्मापासून कमजोर आहे. दोन डोळ्यांना दोन चित्रं दिसतात, एक वर, एक खाली. ती जुळवायला ही मान कलवते. झोपेत डोळे मिटलेले, मग भांडणच नाही, म्हणून मान सरळ. हुशार आहे हं पोर! दोघांचं पटत नाही, म्हणून स्वतः वाकते."

दोघांचं पटत नाही म्हणून स्वतः वाकते. तुम्हाला सांगते, मला तिथे एकदम रडूच फुटलं. ह्यांना वाटलं पोरीसाठी. पोरीसाठी तर होतंच. पण दीड वर्षाची पोर हे कुणाकडे बघून शिकली असेल, तेही मनात आलं. घरात आम्ही एवढे जण, वर चढलेले कोण आणि मान कलवणारी कोण, ते मोजायला काय चार टिकल्या लागतात?

तीन वर्षांची झाली की लहानसं ऑपरेशन करायचं. होईल म्हणाल्या सगळं ठीक. वेळेत आलात म्हणाल्या, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू लहान राहत गेली असती, आणि मग मानही तशीच धरली असती. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं हे?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तर शेजारून आवाज, "ॲक्चुअली मॅडम, आमची एक सिंगल कॅमेरा सिस्टीम आहे..." झालं! पुढची दहा मिनिटं त्या बाई आणि हे, कागदात डोकी घालून. "वा, वा, नारळही मोजलात?" मी रुचिराला पाणी पाजत बसले.

थिसिस मार्चच्या आत गेला. त्यात एक प्रकरण वाढलं, सहावं, 'व्यवहारातील उपयोग'. परीक्षकांनी सगळ्यात तारीफ त्याचीच केली म्हणे. त्यात लिहिलंय, पहिली, मुलगी, वय दीड वर्ष, अठरा अंश. दुसरी, मुलगी, वय दोन, दोन अंश. तिसरा, नारळ, एक. आणि सगळीकडे 'आम्ही'. आम्ही निरीक्षण केले, आम्ही टोपी तयार केली. आम्ही शिरा खाल्ला, तेवढं राहिलं! टिकल्यांना म्हटलंय 'वर्तुळाकार काळ्या खुणा'. बरं, असू दे. पण सामानाच्या यादीत, अठराव्या पानावर, मी ते चार वेळा वाचलं... कॅमेरा एक, बल्ब दोन, पुठ्ठा एक, आणि 'स्टँड (लाकडी), एक'. लाकडी! आणि खाली टीप, 'सुरुवातीच्या मोजमापांत चार अंशांची चूक आढळते, ती स्टँडमधील दोषामुळे.'

काशिरामनं खरा स्टँड आणला, थिसिस बाइंडिंगला गेला त्या दिवशी. सोमवारच होता. आता त्याच्यावर सासूबाईंचं सोवळं वाळतं. त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमच्या कुमारच्या मशीननं पकडलं हो! हिला काय, हिला आपली नुसती काळजी करता येते." गुणाबाई ते ऐकून मला म्हणाली, "आनि मी? मी पकडला तो?" म्हटलं, गुणाबाई, तुझा आकडा काय? ती खो-खो हसली आणि दोन बोंबील जास्त घातले.

बढती झाली ह्यांची. कॅमेरा काही परत गेला नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, दर आठवड्याला अंश लिहून ठेवा. दर रविवारी मोजतो. गेल्या रविवारी काय झालं, रुचिराचं मोजून झालं, तिचं टोपडं काढलं, आणि मी म्हटलं, "अहो, मी फार थकलेय." नुसतंच. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ह्यांची मान कीबोर्डात. मला पुढचं ठाऊक होतं हो, शब्द न् शब्द ठाऊक होता, म्हणून मी वाटच नाही बघितली. पाकिटातल्या उरलेल्या चार टिकल्या काढल्या, चारही कपाळावर लावल्या, चौकोनात, आणि रुचिराच्या जागी स्टुलावर जाऊन बसले. दिवे तोंडावर, हात मांडीवर, सरळ.

आणि बघितलं हो ह्यांनी! एकदम बघितलं. पडद्याकडे वाकून बघितलं, चष्मा वर करून बघितलं, मग प्रेमानं... शप्पथ, प्रेमानंच... म्हणाले, "चारू, जरा मागे सरक. फार जवळ आलीस, मावत नाहीयेस."

सरकले. किती, ते खडूच्या रेघेवर लिहिलेलंच आहे.